मेलट्टूरचा भागवतमेळा : गावाने जपलेली रंगभूमी

तंजावर म्हटले की मराठी वाचकाच्या मनात तीन गोष्टी उभ्या राहतात. राजराज चोळाने उभारलेले बृहदीश्वराचे भव्य मंदिर, त्याच मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास आणि सरफोजीराजांच्या नावाशी कायमचे जोडले गेलेले सरस्वती महाल ग्रंथालय. यांतील दोन गोष्टी दगडात आहेत, तिसरी ताडपत्रात आणि कागदात. शाळकरी सहलीतही त्या पाहून होतात. परंतु तंजावरचा इतिहास आणखी एका ठिकाणी वस्तीला आहे. तंजावर शहरापासून सुमारे १८ किलोमीटरांवर, कावेरीच्या पाण्यावर पोसलेल्या भातखाचरांच्या मुलखात, मेलट्टूर नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे इतिहास माणसांच्या कंठात आणि पावलांत राहतो, आणि वर्षातून काही रात्री तो सर्वांसमोर येतो.

त्या रात्री नृसिंहजयंतीच्या. वैशाख शुद्ध चतुर्दशीच्या सुमारास मेलट्टूरच्या वरदराज पेरुमाळ मंदिरासमोरील रस्त्यावर मांडव पडतो. रंगमंच देवाच्या समोर असतो, कारण या नाटकाचा पहिला प्रेक्षक देव आहे. अंधार पडल्यानंतर बऱ्याच वेळाने खेळाला आरंभ होतो. प्रथम येतो तो कोणंगी, म्हणजे विदूषक. त्याचे नाचणे-बागडणे संपेपर्यंत लोक स्थिरस्थावर झालेले असतात. मग भागवतकार मंगलाचरण गातात आणि गजमुखाचा मुखवटा घातलेला एक लहान मुलगा गणपती होऊन येतो. तो आशीर्वाद देऊन गेला की कथा सुरू होते. एकेक पात्र स्वतःच्या प्रवेशगीतासह, ज्याला तेथे ‘दरू’ म्हणतात, पडद्यामागून बाहेर येते. गायन कर्नाटक संगीतातले, पदन्यास आणि हस्तमुद्रा भरतनाट्याच्या कुळातल्या, संवाद तेलुगूतले. सर्व भूमिका पुरुषच करतात. प्रल्हादाची आई लीलावतीही एखादा गृहस्थच साकारतो, आणि तिचे पुत्रासाठीचे व्याकूळ होणे पाहताना प्रेक्षकांना त्याचा विसर पडतो.

‘प्रल्हादचरित्र’ हे या उत्सवाचे मुख्य नाटक. ते पहाटेपर्यंत चालते. हिरण्यकशिपू खांबावर आघात करतो तेव्हा नृसिंह प्रकट होतो. त्याचा मुखवटा एरवी पूजेत असतो. तो धारण करणारा उपवास करून, देवाची प्रार्थना करून मगच रंगमंचावर येतो. नृसिंहाचा आवेश इतका अनावर होतो की त्याला आवरण्यासाठी चार-सहा माणसे धरून उभी राहतात. या घटकेला गावाच्या दृष्टीने नाटक संपलेले असते आणि पूजा सुरू झालेली असते. तेथे टाळ्या पडत नाहीत, हात जोडले जातात.

हे गाव वसले कसे, हे पाहिल्याशिवाय या उत्सवाचा अर्थ उलगडत नाही. १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पराभव झाला. साम्राज्याचा आश्रय सुटला तशी विद्वान, गायक आणि भागवतांची अनेक तेलुगू कुटुंबे दक्षिणेकडे सरकली. तंजावरला त्या वेळी नायक राजे होते. ते स्वतः तेलुगू भाषक. त्यांपैकी अच्युतप्पा नायकाने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा सुमारे पाचशे कुटुंबांना घर, जमीन आणि विहीर देऊन येथे वसविले, असे परंपरा सांगते. राजाच्या नावावरून गावाला अच्युतपुरम हे नाव मिळाले. कालांतराने त्याचे मेलट्टूर झाले. शालियमंगलम, शूलमंगलम, ऊत्तुकाडु, नल्लूर, तेप्पेरुमानल्लूर या आसपासच्या गावांतही भागवतमेळ्याची परंपरा रुजली. म्हणजे विस्थापितांच्या वस्तीत जन्मलेली ही कला आहे. ज्यांची भूमी सुटली होती त्यांनी परमुलखात आपली भाषा देवासमोर दरवर्षी बोलून दाखवण्याचे व्रत घेतले. आसपास सर्वत्र तमिळ बोलली जात होती, आजही जाते. पुढे या कुटुंबांचे जगणेही तमिळ झाले, परंतु व्रताची भाषा बदलली नाही.

सतराव्या शतकाच्या तिसऱ्या चरणात तंजावरचा इतिहास कूस पालटतो. १६७३ मध्ये नायकांची सत्ता संपली आणि १६७६ च्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे, ज्यांना एकोजी असेही म्हणतात, तंजावरच्या गादीवर बसले. नवे राजे मराठी भाषक होते. विजेत्याने आपली भाषा पुढे करावी आणि जुन्या दरबाराची भाषा मागे लोटावी, असा जगाचा सर्वसाधारण अनुभव. तंजावरला तसे घडले नाही. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी १६८४ ते १७१२ या आपल्या कारकिर्दीत तेलुगू, संस्कृत, तमिळ आणि मराठी अशा सर्व भाषांना आश्रय दिला आणि स्वतःही त्यांत लिहिले. तिरुवारूरच्या त्यागेशावरील त्यांचा ‘पल्लकीसेवाप्रबंध’ तेलुगूत आहे. त्यांच्या ‘पंचभाषाविलास’ या नाटकात तर निरनिराळ्या देशांच्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात, आणि तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी व संस्कृत एकाच रंगमंचावर नांदतात. आजच्या बहुभाषिक भारताचे ते जणू छोटेखानी चित्रच.

याच शहाजीराजांनी ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठी नाटक लिहिले. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’ नाटकाने झाला असे शाळेत शिकतो, आणि महाराष्ट्रातील सलग नाट्यपरंपरेपुरते ते योग्यच आहे. परंतु त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षे आधी, कावेरीकाठी, एका मराठी राजाने मराठीत नाटक रचले होते. त्याची धाटणी तेथील यक्षगानाची होती : सूत्रधार, गणपती, दरू आणि देवादिकांचे विवाह. मेलट्टूरच्या अंगणात तेलुगूत जे घडत होते, त्याचेच मराठी भावंड तंजावरच्या राजवाड्यात वाढत होते.

नायकांप्रमाणेच मराठे राजेही विद्वानांना गावे इनाम देत. १६९३ मध्ये शहाजीराजांनी कुंभकोणम्‌जवळचे तिरुविसनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना दिले. ते शहाजिराजपुरम म्हणून प्रसिद्धीस आले. श्रीधर व्यंकटेश अय्यावाळ हे सत्पुरुष तेथलेच. त्यांच्या विहिरीत गंगा प्रकट झाली अशी श्रद्धा आहे, आणि त्या दिवसाच्या स्मरणार्थ कार्तिक अमावास्येला आजही तेथे भाविकांची स्नानासाठी रीघ लागते. एका मराठी राजाने वसविलेले गाव आपला भूतकाळ असा वर्षातून एकदा पुन्हा जगते, हे महाराष्ट्रात फारच थोड्यांना ठाऊक आहे.

मेलट्टूरला आजचे रूप दिले ते व्यंकटराम शास्त्री यांनी. त्यांच्याआधी, ‘कृष्णलीलातरंगिणी’ या संस्कृत गेयकाव्याचे कर्ते नारायणतीर्थ यांनी तंजावरजवळच्या वरहूर गावी राहून भक्ती, संगीत आणि नृत्य यांचा एक मेळ घालून दिला होता. मेळ्याची परंपरा त्यांना आद्य पुरुषांत गणते. व्यंकटराम शास्त्री अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले, संगीतकार त्यागराजांचे ज्येष्ठ समकालीन. तंजावरला तेव्हा मराठ्यांचे राज्य होते. ‘प्रल्हादचरित्र’, ‘उषापरिणय’, ‘हरिश्चंद्र’, ‘मार्कंडेय’, ‘रुक्मांगद’ ही त्यांची तेलुगू नाटके आजही मेळ्यात होतात. तो काळ शांततेचा मुळीच नव्हता. १७८१ मध्ये हैदरअलीच्या स्वारीने तंजावरचा सुपीक प्रदेश होरपळून निघाला होता. ज्या पिढीने असा काळ पाहिला, तिच्यासमोर भक्ताची परीक्षा घेणाऱ्या या कथा सादर होत होत्या, हे ध्यानात घेतले की प्रल्हाद आणि हरिश्चंद्र यांची निवड केवळ पुराणप्रेमातून झाली नसावी असे वाटते.

मराठी वाचकाला या मेळ्यात ओळखीच्या खुणा जागोजागी सापडतील. कोकणातील दशावतारी खेळाची सुरुवात आठवावी. तेथेही आधी गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, सरस्वती येते आणि मग आख्यान लागते. भाव्यांच्या नाटकातही सूत्रधाराचे मंगलाचरण, विदूषकाचे आगमन, गणपती आणि सरस्वती असाच क्रम होता. आणि भाव्यांना नाटकाची प्रेरणा कोठून मिळाली? कर्नाटकातून सांगलीस आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी त्यांना तसा खेळ मराठीत करण्यास सांगितले. ‘भागवत’ हा शब्द येथेही आहेच. दक्षिणेच्या गावोगावी हरिकथा नाचून सांगणाऱ्या या भागवतांच्या एका शाखेने मेलट्टूर गाजविले, तर दुसरीचे बोट धरून मराठी नाटक सांगलीत उभे राहिले. गणेशोत्सवातील ‘मेळा’ हा शब्द तर आपल्या घरचाच.

तंजावरच्या मराठी राज्याचा अखेरचा तेजस्वी काळ दुसऱ्या सरफोजीराजांचा. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार इंग्रजांच्या कंपनीकडे गेला. राजांच्या हाती किल्ला आणि भोवतालचा थोडा परिसर एवढेच उरले. सत्ता गेलेल्या या राजाने विद्येचे राज्य उभे केले. त्यांनी ग्रंथालय वाढविले, शाळा काढल्या, देवनागरी छापखाना उभारला. त्या छापखान्यात १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक छापले गेले. मुंबई-पुण्यात मराठी क्रमिक पुस्तकांची वार्ताही नव्हती तेव्हाची ही गोष्ट. ‘देवेंद्र कोरवंजी’ या त्यांच्या मराठी नाट्यरचनेत भविष्य सांगणारी कोरवंजी चक्क जगाचा भूगोल सांगते. भूगोलाचा तास गाण्यातून आणि नाचातून घेण्याची ही कल्पना कोणत्याही शिक्षकाला हेवा वाटावा अशी आहे.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. येथून दोन रंगभूमींच्या वाटा वेगळ्या होतात.

राजवाड्यातील मराठी नाटके बंद झाली. ती नष्ट झाली नाहीत, हे भाग्य. सरस्वती महालात आज तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत, आणि तंजावरची नाटके त्यांत आहेत. त्यांपैकी काही छापूनही निघाली. अभ्यासक ती वाचतात, त्यांवर प्रबंध लिहितात. परंतु ती कोणी दरवर्षी करीत नाही. ती राजासाठी लिहिलेली होती, राजासमोर होत होती. राजा गेला तेव्हा त्यांना वाली उरला नाही.

मेलट्टूरलाही हा धक्का बसला. राजाश्रय आटला, पुढे इंग्रजी शिक्षण आणि नोकऱ्यांमुळे कुटुंबे मद्रासकडे, दूरच्या शहरांकडे गेली. इतर गावांतील मेळे क्षीण झाले, काही थांबले. मेलट्टूरमध्येही परंपरा खंडित होण्याचे प्रसंग आले. परंतु प्रत्येक वेळी कोणीतरी ती पुन्हा उचलली. भरतम नटेश अय्यर यांनी तिला सावरले, त्यांच्यानंतर बालू भागवतरांसारख्यांनी ती पुढे नेली. विसाव्या शतकाच्या मध्यास ई. कृष्ण अय्यर यांनी आपल्या लेखांतून बाहेरच्या जगाचे लक्ष या गावाकडे वेधले आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मेळ्यातील नाट्यविषय कलाक्षेत्राच्या रंगमंचावर आणले. आज गावात मेळा करणाऱ्या दोन संस्था आहेत. एका लहान गावात दोन संस्था म्हणजे मतभेद आलेच, पण मेळा थांबलेला नाही. वर्षभर शहरांत नोकरी करणारे गावचे पुत्र रजा काढून येतात, तालमी करतात, मुखवटे आणि दागिने चढवतात, आणि उत्सव आटोपला की पुन्हा कामावर रुजू होतात. त्यांपैकी कोणाचाही हा पोटाचा व्यवसाय नाही.

एकाच मातीतील, एकाच काळातील, एकाच धाटणीच्या दोन रंगभूमींपैकी एक पोथीत राहिली आणि दुसरी अंगणात, असे का व्हावे? याची उत्तरे मेलट्टूरच्या रीतीत आहेत. पहिले म्हणजे, नाटकाची तिथी ठरलेली आहे. कोणाला सवड आहे की नाही यावर ती अवलंबून नाही. दुसरे म्हणजे, खेळ देवासमोर आहे; तो चुकविणे म्हणजे पूजा चुकविणे. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, भूमिका हातातून हातात जातात. आज गजमुख घालून आलेला मुलगा उद्या प्रल्हाद होतो, आवाज फुटला की एखादी स्त्रीभूमिका शिकतो आणि प्रौढपणी हिरण्यकशिपूचा किरीट चढवतो. एका माणसाच्या आयुष्यात नाटकाचा बहुतेक भाग त्याच्या तोंडी येऊन जातो. असे पाठांतर आगीत जळत नाही आणि वाळवीला सापडत नाही.

ही गोष्ट मराठीच्या बाबतीतही खरी ठरली आहे, आणि तीही तंजावरलाच. एकोणिसाव्या शतकात रामचंद्र मोरगावकर बावा यांच्यासारखे मराठी कीर्तनकार तंजावरला गेले. त्यांचे कीर्तन ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे वळण दिले. साकी, दिंडी, ओवी ही आपली वृत्ते त्या हरिकथेत शिरली आणि आजही तेथे त्याच नावांनी ओळखली जातात. दक्षिणेच्या भजनपरंपरेत मराठी अभंग गायले जातात. यांपैकी कशालाही राजाचा हुकूम नव्हता, ग्रंथालयाचे छप्परही नव्हते. लोकांनी ते तोंडी घेतले म्हणून ते राहिले. राजवाड्यातले मराठी गप्प झाले, तेव्हा कीर्तनातले मराठी परक्या जिभेवर रुळत होते.

मेलट्टूरचे कौतुक करताना त्याच्या मर्यादाही नजरेआड करू नयेत. हा मेळा मुळात अग्रहारातील काही कुटुंबांचा. त्या अग्रहाराची शेते ज्यांनी कसली, त्यांना या रंगमंचावर भूमिका नव्हती. मुलींनाही नव्हती. कावेरीच्या याच खोऱ्यात नृत्यकला शतकानुशतके स्त्रियांनी वाढविली, तरी मेळ्यात लीलावती आणि उषा पुरुषांनीच व्हायचे असा दंडक राहिला. जी परंपरा थोड्या घरांच्या आधारावर उभी असते, तिला घरे ओस पडू लागली की धोका असतो. मेलट्टूरने तो धोका वेळोवेळी अनुभवला आहे. परंपरा टिकवायची तर तिचे दार किती उघडे ठेवायचे, हा प्रश्न त्या गावापुढे आहे, आणि तो केवळ त्या गावापुढेच आहे असे नाही.

मराठी माध्यमाच्या शाळेच्या हीरक महोत्सवी ग्रंथात दूरच्या तमिळ गावातील तेलुगू नाटकाची कथा कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर असे की मेलट्टूरचा प्रश्न आणि मराठी शाळेचा प्रश्न एकच आहे. मराठीचे ग्रंथ सुरक्षित आहेत. ग्रंथालये आहेत, कोश आहेत, छापखाने आहेत, आता तर सारे संगणकावरही आहे. तंजावरलाही सारे सुरक्षित होते. शहाजीराजांच्या नाटकाचे पान न् पान जपले गेले, फक्त ते बोलणारे उरले नाहीत. उलट मेलट्टूरला राजा राहिला नाही, इनामाचे दिवस सरले, घरची भाषाही पालटली, पण दर वैशाखात एका मुलाला गणपतीचा मुखवटा घालून रंगमंचावर सोडण्याचे कोणी थांबविले नाही.

शाळेतही तिथी ठरलेली असते. स्नेहसंमेलनात दुसरीतला मुलगा चुकतमाकत आपले वाक्य म्हणतो, पडद्याआडून बाई ते पुरे करतात, आणि पुढच्या वर्षी तो ते न अडखळता म्हणतो. आज प्रेक्षकांत बसलेल्या अनेक माजी विद्यार्थ्यांनी त्याच रंगमंचावर पहिले मराठी वाक्य मोठ्याने म्हटले असेल. त्यांपैकी काही जण दूरच्या शहरांत, परदेशांत आहेत. मेलट्टूरचे पुत्रही असेच दूर असतात, पण वर्षातून एकदा परततात, आणि येताना मुलाचे बोट धरून त्याला तालमीला बसवतात. सरस्वती महालात पडून असलेले ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ एखाद्या मराठी शाळेच्या मुलामुलींनी मिळून रंगमंचावर आणले, तर तीनशे वर्षांपूर्वी कावेरीकाठी उच्चारलेले मराठी पुन्हा ऐकू येईल. त्या नाटकात लक्ष्मीची भूमिका मात्र मुलीच करतील.